पायाला थंड, कमरेला ऊन

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. मुलाला सांगितली नाही, रापणीतल्या सोबत्यांना तर नाहीच. बायको गेल्या श्रावणात गेली, आता घरात मी एकटा. शिक्षण माझं चौथीपर्यंत. आडवंतिडवं लिहिलं तर चालवून घ्या.

तुम्ही रापण पाहिली आहे का? होडीने मोठं जाळं अर्धगोल टाकायचं आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोन्ही टोकांनी ओढायचं. जाळं कधी टाकायचं ते एकाने ठरवायचं असतं. आमच्यात तो मी. मी हात वर केला की होडी सुटायची. नारळी पुनवेचा पहिला नारळही माझ्याच हातात. लोक म्हणायचे, “तात्यानु, समुद्र तुमच्या कानात येवन सांगता काय?” मी नुसता हसायचो.

समुद्र नव्हता सांगत. शेवंती सांगायची — माझी बायको.

ओहोटीला ती खाडीच्या तोंडाशी कमरेभर पाण्यात उतरून तिसरे, म्हणजे खायचे शिंपले, काढायची. पायाच्या अंगठ्याने वाळू चाचपत शिंपला शोधायचा — त्यात पाय शिकतात. पाऊस ओसरला की वरचं पाणी ऊन आणि खालचं थंड, असे थर होतात. थंड पाणी काठाकडे सरकलं की मासा त्याच्यापुढे पळत उथळात येतो. घरी येऊन लुगडं पिळता पिळता ती म्हणायची, “पायाक थंड लागता, कमरेक ऊन. बांगडो येतलो.” आणि यायचा. मी काय करायचो? किनाऱ्यावर उगाच डोळे बारीक करून लांब बघत राहायचो. मग हात वर.

एवढंच असतं तर — बरं, हेही काही थोडं नव्हे. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

एका आश्विनात ती म्हणाली, “थंड पाणी वर चढला हा. पण वारो उठलो तर टाकू नकात, सगळा पाणी एक होता. आयकलात मां?”

ऐकलं होतं मी. किनाऱ्यावर पोचलो तोवर वारा उठलाही होता. पण सगळे होडीपाशी माझ्या हाताकडे बघत उभे. परत फिरा म्हणायची लाज वाटली. हात वर केला.

जाळ्यात आलं काय? शेवाळ आणि मूठभर खेकडे. जाळं खडकाला लागून फाटलं ते वेगळंच. “आज समुद्र मुको झालो काय ओ तात्यानु?” कोणीतरी म्हणालं. आणि मी — मी काय बोललो असेन? “माझा खंय चुकला? बायलेन सांगल्यान, पायाक थंड लागता म्हणान. तिचा आयकलंय, थंयच चुकलंय.”

बरोबर आलं ते सगळं माझं. चुकलं ते एक तिचं. आणि तेही तिचं चुकलेलं नव्हतंच.

सगळे हसले. “फुडच्या खेपेक वैनीकच होडयेत बसवा!” शेवंती टोपली घेऊन तिथेच उभी होती. टोपली उचलून घरी गेली. रात्री पेज वाढली. वाऱ्याचं काही बोलली नाही. त्यानंतर पाण्याबद्दल तिने मला कधीच काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. अंदाजाने हात वर करत राहिलो. कधी लागायचं, बहुतेकदा नाही. लोक म्हणाले, तात्यांचं वय झालं.

मध्ये समुद्राचा अभ्यास करणारी एक मुलगी आली होती. दोरीला यंत्र बांधून थराथराचं पाणी मोजायची. अंगणात बसून तिने सांगितलं — समुद्रात लहानलहान भोवरे फिरतात, ते खालचं थंड पाणी एका जागी वर उचलतात, शेजारच्या जागी नाही. आणि जोराचा वारा आला की थर ढवळून एक होतात. शेवंती चहा घेऊन दारात उभी होती. मुलीने मला विचारलं, “आजोबा, तुम्ही हे कसं ओळखायचात?”

नुसतं दाराकडे बोट दाखवायचं होतं. मी म्हणालो, “वाडवडिलांपासून चालत आलंय.”

शेवंतीने कप ठेवले आणि आत गेली.

आता ओहोटीला मी उतरतो. कमरेभर पाण्यात उभा राहतो. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेत. कमरेला पाणी ऊन लागतं. खाली काय आहे ते कळत नाही.