एक फोडायचा, एक न्यायचा

आमचे आबा हार्डवेअरच्या दुकानात जाताना पिशवीत हातोडा घेऊन जायचे. तुम्ही आम्ही चष्मा नाहीतर छत्री घेतो ना, तितक्या सहज. आबा म्हणजे माझे सासरे. पण भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या आळीत लहानथोर सगळेच त्यांना आबा म्हणायचे, आणि ते पिशवी हलवत उतारावरून येताना दिसले की निम्मे दुकानदार "माल संपला आबा" असं लांबूनच ओरडून मोकळे व्हायचे.

हे सगळं कशासाठी, तर कप्लरसाठी. कप्लर म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीचा जोड. दाबला की टक् करून बसतो, वरचं कडं मागे ओढलं की सुटतो. मुठीत मावेल एवढी वस्तू. गिरणी बंद पडल्यावर आबांनी मुलुंडच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर जन्म काढला होता, आणि त्या मुठीएवढ्या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते एकाच खोक्यातले दोन कप्लर घ्यायचे, पैसे दोन्हींचे द्यायचे आणि एक तिथेच दुकानाच्या पायरीवर ठेवून घण् करून हाणायचे. एक फोडायचा, एक न्यायचा. हलका माल असला की बिस्किटासारखा चुरा. चांगलं पोलाद चेपायचं, पण तुटायचं नाही. मग उकिडवे बसून ते मढं तपासायचे. आतल्या गोळ्या मोजायच्या, स्प्रिंग नखाने खेचून बघायची, रबराची चकती तर चक्क दाताखाली चावायची. नापास झाला की संपलंच. "मेल्या, ह्यो कप्लर न्हय, खेळणा आसा खेळणा! कोणाच्या तोंडार फुटलो तर तुझो बापूस येतलो काय?" आणि तो चुरा दुकानदाराच्या अंगावर.

स्टेशन रोडच्या शेठने मात्र त्यांना कधी परत पाठवलं नाही. वीस वर्षं दोघांचं हेच चाललं होतं. एकदा आबांनी फेकलेला कप्लर शेठच्या पंख्यावर बसला, पंख्याचं पातं वाकलं, आणि शेठने काउंटरवरून वाकून आबांच्या कानाखाली सणसणीत वाजवली. आबांनी त्याची कॉलर धरली. रस्त्यावर ही गर्दी! पंधरा मिनिटांनी बघावं तर दोघे एकाच बाकड्यावर चहा पितायत, आबांचा गाल लाल आणि शेठच्या शर्टाला दोन बटणं कमी. "त्याचो माल बरो आसा," आबा घरी येऊन म्हणाले. "आणि हातपण."

घरातही तोच न्याय. ज्या वस्तूने घरातल्या कुणाला इजा केली ती आबा जिवंत सोडत नसत. सासूबाईंना मिक्सरचा शॉक बसला, तर आबांनी मिक्सर अंगणात नेऊन ठेचला, भांड्यासकट. हात चोळायचं राहिलं बाजूला, सासूबाई मिक्सर गेला म्हणून रडत बसल्या. मी नवी नवरी होते, मला हसू आवरेना. पण खोटं कशाला बोलू, आबांचा हात वस्तूंवरच थांबायचा असं नाही. माझ्या नवऱ्याच्या, महेशच्या पाठीवर पट्ट्याचे दोन वळ अजून आहेत. शाळा बुडवली म्हणून. महेश बापाशी बोलायचा ते कामापुरतं, आणि आबांनी कारखान्यातून आणून पुढच्या पडवीत ठेवलेल्या जुन्या कॉम्प्रेसरकडे तर बघायचासुद्धा नाही.

बघायची ती मी. गोरेगावची नोकरी सुटल्यावर मी घरीच लाकडी देव्हारे करायला लागले. सुतारकाम येत होतं थोडंफार, पॉलिश मारायला हवेची गन हवी होती. महेश म्हणाला, "घरात हे धंदे नकोत, एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल." दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला पडवीत बोलावलं, नळी जोडली आणि म्हणाले, "चेडवा, लोंबकळ."

"काय?"

"नळयेक लोंबकळ. दोन्ही हातांनी."

अख्खी आळी बघत होती. मी ओढणी कमरेला बांधली आणि खुंटीवर टाकलेल्या त्या नळीला लोंबकळले. जोड हलला नाही. "टक् वाजला म्हणजे बसलो असा नाय," आबा म्हणाले. "आवाजार इश्वास ठेव नको. ओढून बघ." पुढे दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि रोज शिव्या खाल्ल्या. जोडाचे दोन्ही भाग एकाच कंपनीचे हवेत, कारण वेगवेगळे घेतले तर तेही टक् करतात पण खाच नीट धरत नाहीत. आत झडप अशी हवी की नळी सुटली तर मागची हवा आपोआप बंद व्हावी. विसरले की हातोडा भिंतीवर यायचा, माझ्या डोक्याच्या वीतभर बाजूला. मीही काही कमी नव्हते. एकदा मी तोच हातोडा उचलून त्यांच्या पायाशी आपटला आणि म्हटलं, "पुन्हा माझ्या अंगावर फेकलात तर याद राखा!" आबा असे खूश झाले, असे खूश झाले की त्यांनी सासूबाईंना बाहेर बोलावून ते दाखवलं.

मग तो शिमगा आला. आबा पंधरा दिवस गावी गेले. माझ्याकडे चार देव्हाऱ्यांची ऑर्डर, आणि नळी पडवीच्या टोकापर्यंत पोचेना. दोन नळ्या जोडायला मध्ये एक कप्लर हवा होता. शेठकडे जायचा मला कंटाळा आला होता. तिथे मी गेले की चार गिऱ्हाईकं वळून हसायची, "हातोडा आणला का, वहिनी?" म्हणून. मी मोबाईलवरून मागवला. चकचकीत, छान डबीत. आला एकच. तो फोडला तर वापरणार काय? आणि नळीच्या टोकाला दुसरा भाग जुनाच होता, दुसऱ्या कंपनीचा. टक् वाजलं. मी कामाला लागले.

आबा आले, नवा जोड बघून म्हणाले, "शेठकडसून?"

"हो."

"एक फोडलस?"

"फोडला."

झालं. दोन शब्द. त्यांनी मान हलवली, पाठीवर थोपटलं. माझ्या आयुष्यात त्यांनी पाठीवर थोपटलं ते तेवढंच.

महिनाभर तो टिकला. एका रविवारी सकाळी मी गन हातात घेऊन उभी होते, टाकीत आठ किलो प्रेशर होतं, आणि मध्येच फट्! जोड निसटला. आतली झडप अडकली, हवा बंदच होईना, आणि टोकाला ते लोखंड घेऊन नळी उठली. काय सांगू तुम्हाला, ती नळी राहिलीच नव्हती. पिसाळली होती. ट्यूबलाइट फुटली, देव्हाऱ्याचा कळस उडाला, खिडकीची काच माझ्या केसांत आली. मी कामाच्या टेबलाखाली डोकं घालून किंचाळत होते. आबा आतून चहाचा कप हातात घेऊन आले. त्यांनी कप टाकला आणि सरळ त्या नळीत चालत गेले. टाकीचा कॉक पलीकडे होता. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दात पडल्याचा आवाज मी ऐकला. तिसरा डोळ्यावर. तरी त्यांनी कॉक बंद केला, मगच खाली बसले. लादीवर रक्त, चहा आणि पॉलिश सगळं एकत्र झालं होतं.

डावा डोळा गेला. हॉस्पिटलमध्ये पट्टीतून त्यांनी पहिलं वाक्य काढलं ते असं, "शेठान माका फसवलान." महेश शेजारी उभा होता. माझ्या तोंडात आलं होतं, आबा, शेठ नव्हे, मी. पण महेश माझ्याकडेच बघत होता. आज बोलले तर पडवी बंद, काम बंद, आणि या घरात माझं तोंड कायमचं काळं. मी आबांच्या पायावरची चादर सारखी केली. वाटलं, चार शिव्या घालतील आणि विसरतील. कुणाला? आबांना? मूर्ख बाई.

घरी आल्यावर दहाव्या दिवशी दुपारी शेजारची बाई धावत आली. "अगं, आबा स्टेशन रोडला!" मी चप्पल न घालता पळाले. पोचले तेव्हा काउंटरची काच रस्त्यापर्यंत सांडली होती. शेठ खाली बसला होता, उजवं मनगट पोटाशी धरून, आणि ते मनगट जिथे वळायला नको तिथे वळलं होतं. आबा त्याच्यावर उभे, एका डोळ्याला पट्टी, हातात हातोडा. तो निसटलेला कप्लर दोघांच्या मध्ये पडला होता.

"आबा, माझा माल नाही हा," शेठ रडत सांगत होता. "आईशप्पथ सांगतो, हा माझा नाही!"

"माझी सून खोटा बोलूची नाय!" आबा ओरडले.

मी तिथे होते हो. दोन हातांवर. आणि माझ्या तोंडातून ब्र निघाला नाही. लोकांनी हातोडा हिसकावला, कुणीतरी शेठला रिक्षात घातलं, आणि मी आबांचा हात धरून त्यांना घरी आणायला निघाले. टेकडीच्या पायऱ्या चढता चढता निम्म्यावर मी थांबले. मी बोलले. सगळं बोलले, मोबाईलपासून.

आबांनी हात उचलला. मी डोळे मिटले. देवा, वाटत होतं बसू दे, चांगला दणदणीत बसू दे. बसलाच नाही. डोळे उघडले तर आबा पायरीवर बसले होते आणि स्वतःच्याच पंजाकडे बघत होते. म्हणाले, "तू खोटा बोललंस, ता तुझ्याकडे. पण तुझा बोलणा मी ओढून बघूक नाय. टक् वाजला आणि मी हात चालवलंय." मग म्हणाले, "महेशाक सांगू नको. कोणाकच सांगू नको."

चार दिवसांनी ते पुन्हा दुकानात गेले. मी मागोमाग गेले आणि समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. त्यांनी काउंटरच्या फळीवर हातोडा ठेवला आणि त्याच्या शेजारी आपला उजवा पंजा पालथा घातला. "शेठ, चूक माझी. कप्लर मीच दुसरीकडसून हाडलंय. तुझा नाव घेतलंय. आता मार."

शेठचा हात प्लॅस्टरमध्ये. त्याने हातोड्याकडे पाहिलं. "तुमचा हात मोडून माझा जुळणार आहे काय, आबा? पोलिसात गेलो नाही, ते वीस वर्षांसाठी. उचला आणि जावा. परत या दुकानाची पायरी चढू नका." आबांनी हातोडा उचलला आणि ते पायरी उतरले. मधला रस्ता तो केवढा, दहा पावलांचा. मी तो ओलांडला नाही.

त्यानंतर वर्षभर आबांनी काहीही फोडलं नाही. मला एक शिवी दिली नाही. मी मुद्दाम नळी चुकीची जोडून ठेवायची, म्हणजे तरी ओरडतील. ते मुकाट्याने ती काढायचे आणि नीट जोडायचे. घर इतकं शांत झालं की महेशला बरं वाटायला लागलं. मला जीव नकोसा झाला. आणि एका सकाळी आबा उठलेच नाहीत.

बाराव्याला शेठ आला. एकटाच. आबांच्या फोटोसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला, मी पाणी दिलं ते त्याने डाव्या हाताने घेतलं, कारण उजवं मनगट वळत नव्हतं. "भाभी, भांडण विसरून आलो," म्हणाला. महेश तिथेच होता, सासूबाई होत्या, आळीतली माणसं होती. मी म्हटलं, "शेठ, तो कप्लर आबांनी आणला नव्हता. मी आणला होता. तुमचं नावही मीच सांगितलं होतं. ते माझ्यासाठी तुमच्याशी खोटं बोलले."

महेशने माझा दंड इतक्या जोरात धरला की बोटं उमटली. मी सोडवून घेतलं नाही.

शेठने ग्लास खाली ठेवला. "म्हणजे वर्षभर," तो म्हणाला, "रोज शटर उचलताना हात दुखायचा, आणि रोज मी यांच्या नावाने शिवी घालायचो. रोज, भाभी." तो उठला. हात जोडायला गेला, पण उजवा पंजा डाव्याला टेकेना. तसेच अर्धवट जोडलेले हात फोटोसमोर धरून त्याने आबांची माफी मागितली. माझ्याकडे बघितलं नाही. मी दारापर्यंत त्याच्या मागे गेले, पण माझं "माफ करा" ऐकायला तो थांबला नाही.