खर्जाची कोठी

कार्यक्रम संपला की नाना समोर येईल त्याला एकच प्रश्न विचारायचे, "मी ऐकू आलो का हो?" तो बिचारा गोंधळून "नाही बुवा, लक्ष नव्हतं" असं म्हणाला, की नानांचा चेहरा खुलायचा. आम्ही बाकीचे टाळ्यांसाठी जीव टाकत होतो आणि हा माणूस आपण कुणाला ऐकू आलो नाही या आनंदात पान जमवत बसायचा. "बेस वाजवणारा ऐकू आला म्हणजे त्याचं काहीतरी चुकलं, ताई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस एकतर संत आहे नाहीतर वेडा. पुढे नऊ वर्षं त्यांच्यासोबत काढली, तरी माझा निकाल काही लागला नाही.

मी एरवी जळगावात एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी करायची आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गायची. साखरपुडे, हळदी, गुरुजींच्या सेवापूर्तीचे सत्कार, एकदा तर नव्या ट्रॅक्टरच्या पूजेलाही आम्ही दोन तास वाजवलं. मी पुढे चमचमत्या साडीत उभी, आणि नाना सगळ्यांच्या मागे, अनवाणी, गळ्यात चार जाड तारांची बेस गिटार. ते कधीच चपला घालून वाजवायचे नाहीत. खर्ज कानाने नाही, तळपायाने ऐकायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे स्टेजबद्दल त्यांची मतं भारी कडक. फळ्यांचा स्टेज असला तर नाना खूश. सिमेंटचा ओटा दिसला की कपाळाला आठ्या, "हा मुका आहे, याच्यावर काय वाजवू?"

नाना मूळचे धुळ्याचे. जळगावात त्यांची पिठाची गिरणी होती आणि गिटारच्या तारा ते गिरणीच्या मोटरीच्या घरघरीवर जुळवायचे. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये सूर जुळवायची सोय, पण नाही! "मोबाइल कालचं पोर. माझी मोटर तीस वर्षं एका सुरात दळते आहे." आता गंमत अशी, की व्होल्टेज पडलं की मोटर दमायची, मोटरीचा सूर खाली यायचा आणि त्या दिवशी नानांच्या तारा खाली लागायच्या. मग कार्यक्रमात मी वर आणि नाना किंचित खाली. ऑर्केस्ट्राचे मालक स्वतः की-बोर्ड वाजवायचे, ते चिडून मागे बघायचे. नाना शांतपणे सांगायचे, "आज लाईट कमी आहे, सगळ्यांनी जरा खाली या." आणि खोटं कशाला बोलू, आम्ही यायचो.

त्यांचा स्पीकर हा तर वेगळाच प्रकार. विकतचे डबे त्यांना पसंत नव्हते, त्यांतून आवाज नाही, नुसता वारा येतो म्हणे. नानांनी काय करावं? गिरणीतली धान्याची पत्र्याची कोठी घेतली, बुटकी पण चांगली रुंद, पोटाला गोल भोक पाडलं आणि आत हा मोठा स्पीकर बसवला. "धान्य जिथे दहा वर्षं गुपचूप बसतं तिथे खर्जही बसेल," हा त्यामागचा विचार. पहिल्या दोन-चार कार्यक्रमांत खालची तार छेडली की फटीतून धान्यातले सोंडे किडे बाहेर पडायचे आणि ढोलकीवाल्याच्या पायावर चढायचे. कोठी टेम्पोत चढवायला चार माणसं लागत. मालक दर वेळी कुरकुर करत, नाना दर वेळी ऐकून न ऐकल्यासारखं करत.

तारांचंही तसंच. नव्या तारा त्यांना खपत नसत, त्या फार बोलतात म्हणे. जुन्या तारा मेल्यासारख्या वाजायला लागल्या की नाना त्या पातेल्यात सोडा घालून उकळायचे आणि पुन्हा चढवायचे. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यासाठी एक जर्मनचं पातेलं वेगळं काढून दिलं होतं. एकदा घाईत काकूंनी त्याच पातेल्यात आमटी केली. मी त्या दिवशी जेवायला होते. आमटीला लोखंडाची अशी काही चव, की माझा घास तोंडातच राहिला. नानांनी मात्र दोन वाट्या ओरपल्या आणि काकूंना म्हणाले, इतकी वर्षं झाली लग्नाला, आज आमटीला बूड आलं. काकूंनी ते पातेलं त्याच दिवशी भंगारवाल्याला दिलं आणि नानांनी आठ दिवस तोंड फुगवलं.

दुसऱ्यांबद्दल बोलायला बसले तर विचारूच नका. ड्रमवाला म्हणजे जावई, त्याला खूश ठेवायचं पण त्याचं ऐकायचं नाही. पाच तारांची बेस घेणारा म्हणजे सहाव्या बोटात अंगठी घालणारा. आणि गाणारे? आम्ही म्हणजे पतंग. "तुम्ही वर कितीही गिरक्या घ्या ताई, दोरी खाली माझ्या हातात आहे." मी चिडायची. लोक नाव माझं विचारतात, फोटो माझ्यासोबत काढतात, आणि दोरी म्हणे यांच्या हातात! मी म्हटलं, नाना, एक दिवस सोडून बघा दोरी. ते नुसते हसले होते.

तो दिवस मालकांनी आणला. त्यांनी नवा की-बोर्ड घेतला, त्याच्यात बेस आपोआप वाजायचा. डाव्या हाताचं एक बोट ठेवलं की झालं, खर्ज हजर. पाचोऱ्याचा साखरपुडा आटोपून आम्ही दुपारी टेम्पोने परत येत होतो, तेव्हा मालकांनी विषय काढला. माणूस वाईट नव्हता हो, पण व्यवहारी. म्हणाले, "नाना, तुम्हीच वीस वर्षं सांगताय, मी ऐकू यायला नको. मग नसलात तर काय बिघडलं?"

नानांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. स्वतःचंच वाक्य असं उलटून अंगावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गिरणीत गेले. गिरणी आता मुलगा बघायचा, नाना कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांवर बसले होते. म्हणाले, "गिरणी पोराची झाली. ऑर्केस्ट्रा गेला तर मी बसू कुठे, ताई?" मला इतकं वाईट वाटलं, की मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हणाले, नाना, मला तुम्ही ऐकू येता. ते लगेच रागावले, "खोटं बोलू नका." खोटंच होतं ते.

मग त्यांनी मालकांपुढे अट टाकली. पुढचा कार्यक्रम पारोळ्याजवळच्या एका गावात हळदीचा होता. अर्धा कार्यक्रम नाना वाजवणार, अर्ध्यात कोठी बंद आणि मालकांचा की-बोर्ड खर्ज देणार. कोठी बंद पडल्याचं मांडवातल्या एका माणसाला जरी कळलं, तर नाना राहतील. नाही कळलं, तर आपल्या पायाने घरी जातील. मालक लगेच कबूल झाले, आणि का होणार नाहीत? हळदीत नाचणाऱ्याला स्वतःचं नाव विचारलं तरी आठवत नाही.

दुपारी मांडव नुसता फुलला होता. सगळी गर्दी पिवळीधमक, पोरं मोबाइल वर धरून नाचताहेत. खुर्च्या सगळ्या पाहुण्यांनी धरलेल्या. तेवढ्यात नवरदेवाची आत्याआजी आली, तिला सगळे आक्का म्हणत. ऐंशीच्या पुढची, कानाने पार बहिरी. लग्नघरात तिचा शब्द मात्र शेवटचा. बसायला जागा दिसेना, तेव्हा तिने सरळ मांडवाच्या कडेला ठेवलेल्या नानांच्या कोठीवर बैठक मारली. नाना हातवारे करून उठायला सांगत होते, ती बघायलाही तयार नाही. शेवटी नाना वाजवू लागले. दोन मिनिटांत आक्काची मान हलायला लागली, मग हात, आणि थोड्या वेळाने ती बसल्या जागी ताल धरून अशी डोलू लागली, की घरची माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली.

अर्धा कार्यक्रम झाला. मालकांनी खूण केली. नानांनी गिटार चालू ठेवली, पण कोठीचा खटका बंद केला. की-बोर्डचा बेस मोठ्या स्पीकरमधून धडधडत सुरू झाला. मी गात होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मांडव बघत होते. कुणाला काही कळलं नाही. कुणालाच नाही! उलट पोरं आणखी चेकाळली. एक कडवं गेलं, दुसरं गेलं, एक आख्खं गाणं संपून दुसरं लागलं. नाना मान खाली घालून बंद गिटार वाजवत होते. माझा सूर हलला, पण तोही कुणाला कळला नाही.

आणि मग आक्का उठली. आधी तिने कोठीवर दोन थापा मारल्या. मग नानांकडे बघत आपल्या अहिराणीत विचारलं, "का रे भाऊ, बाजा बंद का पडी गया?" नाना बघतच राहिले. तशी ती काठी टेकत थेट नाचणाऱ्यांत घुसली आणि पहिल्या पोराच्या पाठीत काठी घातली.

"बाजा बंद शे, तुम्ही कसाले नाची ऱ्हायनात?"

ढोलकी चालू, की-बोर्ड चालू, मी घसा फोडून गातेय, आणि ही बाई एकेकाला धरून खाली बसवतेय. बाजा नसताना नाचता, लाजा नाहीत का? नवरदेवाचे वडील, म्हणजे आक्काचे भाचे, धावत स्टेजपाशी आले आणि हात जोडून मालकांना म्हणाले की तेवढं वाजवायला सुरुवात करा. मालक वाजवता वाजवताच म्हणाले, अहो, वाजतंच आहे! भाचे म्हणाले, "मला ऐकू येतंय हो. पण आक्का म्हणते बंद आहे, म्हणजे आमच्या घरात बंद आहे." सगळा मांडव उभ्याचा बसला होता. आता मालक काय करणार? त्यांनीच नानांना खूण केली. नानांनी खटका दाबला, आक्का परत येऊन कोठीवर बसली, एक क्षण थांबली आणि हाताने सगळ्यांना इशारा केला, हं, नाचा आता.

कार्यक्रमानंतर नाना तिच्या पाया पडायला गेले. त्यांचे डोळे भरून आले होते, मी बघितलं. आक्काने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कोठीवरून हात फिरवत विचारलं, "हाई कोठी चांगली शे. जवारी किती मावस?" नाना हसायला लागले आणि हसता हसता रडले.

मालक शब्दाला जागले. टेम्पोत चढता चढता म्हणाले, नाना, जिंकलात, तुमची जागा पक्की. नानांनी कोठी उचलूच दिली नाही. ती आक्काच्या पडवीत ठेवली आणि मालकांना सांगितलं, मी येत नाही. मालकांना कळेना, अहो, पैज तर तुम्ही जिंकलीत! तेव्हा नाना म्हणाले, "वीस वर्षं तुमच्याशी खोटं बोललो. मी कुणाला तरी ऐकू यावं, हेच मला हवं होतं. इथे ऐकणारं माणूस आहे." आणि खरोखर, त्या आठवड्यापासून नाना दर गुरुवारी गिटार पाठीला लावून बसने त्या गावाला जायला लागले. एका बहिऱ्या बाईला दोन तास बेस ऐकवायला! काकूंनी कपाळावर हात मारला. आक्काच्या भाच्याची मात्र तक्रार नव्हती, गुरुवारी दोन तास ती कुणावर ओरडत नाही म्हणाला.

नाना गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी रजा टाकून एका गुरुवारी त्यांना भेटायला तिथे गेले. तीच शेवटची भेट. पडवीत आक्का कोठीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती आणि नाना जमिनीवर अनवाणी बसून वाजवत होते. गाणं नाही, ताल नाही, नुसता खर्ज. बऱ्याच वेळाने मला उमगलं, की हे माझंच गाणं आहे, प्रत्येक हळदीत मी म्हणायची ते. सवयीने मी गुणगुणायला लागले, तर नानांनी मान हलवून मला गप्प केलं. दोघं आपल्या आपल्या कामात इतकी सुखी होती, की खरं सांगते, मला नानांचा हेवा वाटला. माझ्यासमोर माणसं पुष्कळ असायची, पण मी थांबले तर काठी घेऊन उठणारं कोण होतं?

तेवढ्यात आक्काचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने नानांना विचारलं, "हाई कोन शे? काय करस?" नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःचा गळा दाखवला आणि तोंड मोठ्ठं उघडून, मिटून दाखवलं, गाते म्हणून. आक्का माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग मूठभर शेंगा माझ्या ओटीत टाकल्या आणि फार मायेने म्हणाली, "बिचारी. ते कोन ऐकस?"

नाना वाजवत राहिले. मी चपला काढून कोठीला पाठ टेकवली आणि शेंगा सोलायला घेतल्या.