खिशातली नोटीस

आमच्या तळमजल्यावर गेली एकोणीस वर्षं एक शिंपी राहतात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. गळ्यातला टेप ते जेवतानाही काढत नाहीत. झोपताना काढतात, तोही बायको ओरडते म्हणून. माणूस भेटला की मास्तर आधी खांदे बघतात, चेहरा नंतर. जागा बघायला आले होते तेव्हा नमस्कार व्हायच्या आधीच मला म्हणाले, "मावशी, तुमचा डावा खांदा पाऊण इंच खाली आहे. काळजी नको, शिवताना झाकून टाकू." तेव्हापासून माझा खांदा कोणाच्या लक्षात आलेला नाही.

माणूस नाकासमोर चालणारा. भाडं पाच तारखेच्या आत, तेही कोऱ्या पाकिटात. कपडा ठरल्या दिवशी मिळणार म्हणजे मिळणार. उशीर होणार असेल तर स्वतः जिना चढून सांगून जातात, आणि सांगतानाही कपाळाला आठ्या, जणू त्यांचंच कापड फाटलंय.

अशा माणसाला भाडं वाढवतोय हे सांगायचं कसं? आमचे हे होते तोवर अशी बोलणी तेच करायचे. ते गेल्याला सहा वर्षं झाली, आणि भाडंही तेव्हा होतं तिथेच राहिलं. मधल्या काळात घरपट्टी दोनदा वाढली, जिन्याच्या दोन पायऱ्या हलायला लागल्या. लेकीने फोनवर स्पष्टच सांगितलं, "आई, या खेपेला कळव, नाहीतर तो मोबाइलवाला केव्हाचा जागा मागतोय, त्याला देऊन टाक. दुप्पट देईल."

"अगं, मग मास्तर कुठे जातील?"

"तेच म्हणतेय मी. मग सांग ना त्यांना!"

करारात लिहिलं होतं की वाढ करायची असेल तर दोन महिने आधी लेखी कळवावं. म्हणजे महिनाअखेरीच्या आत. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, अप्रिय गोष्ट तोंडाने सांगू नये, स्वच्छ अक्षरात लिहून द्यावी. आणि पत्र स्वतःच्या हाताने द्यायचं असेल तर पाकीट चिकटवू नये, वर नाव घालू नये. तो अविश्वास दिसतो. मी दोन प्रती लिहिल्या, एक पांढऱ्या पाकिटात घातली आणि बावीस तारखेला खाली गेले.

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या आणि समोर एकच बाही टाचलेला सदरा घालून उभं असलेलं गिऱ्हाईक. मी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ मागून परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने खुर्ची दिली, नातीचे फोटो दाखवले. नातीच्या बोळक्याकडे बघत भाडेवाढ सांगायला माझी जीभ रेटेना. काळं रीळ घेऊन वर आले. तिसऱ्या दिवशी तपकिरी.

मग मला सुचलं. मास्तर दुरुस्तीला आलेल्या कपड्याचे खिसे आधी तपासतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या लोकरी कोटाचं अस्तर उसवलं होतंच. पाकीट आतल्या खिशात सरकवलं, कोट त्यांच्या बायकोकडे दिला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा टाकला.

एक दिवस गेला, दोन गेले. खालून काही उत्तर नाही. उलट खोकी सरकवल्याचे आवाज यायला लागले. मास्तर रागावले असणार. एकोणीस वर्षं राहिलेला माणूस, आणि मी त्याला खिशातून नोटीस दिली!

एकोणतीस तारखेला त्यांची बायको कोट घेऊन आली. चेहरा उतरलेला. अस्तर इतकं सुबक शिवलेलं की टाका शोधून सापडेना. खिशापाशी एक छोटी कापडी पिशवी टाचलेली होती आणि पिशवीत माझं पाकीट, दिलं तसंच.

"मास्तरांनी वाचलं नाही?" मी विचारलं.

"खिशातलं आम्ही कधी वाचत नाही, मावशी. लग्नाआधी दुसऱ्यांकडे कामाला असताना ह्यांनी एका गिऱ्हाइकाच्या खिशातली चिठ्ठी वाचली आणि त्याच्या घरी गंमत म्हणून बोलून बसले. चिठ्ठी त्याच्या बायकोची नव्हती. त्या घरात जे झालं ते झालं. तेव्हापासून निघेल ते पिशवीत, न उघडता."

मी पाकीट आणि दुसरी प्रत घेऊन तिच्या मागोमाग खाली गेले. दुकानात तीन खोकी बांधलेली. मोठी कात्री फडक्यात गुंडाळलेली. मास्तर उठून उभे राहिले.

"जागा खाली करायचीय ना, मावशी?" तेच म्हणाले. "मागच्या गल्लीत खोली बघून आलोय. अंधारी आहे जरा, पण होईल."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? तीन वेळा आलात आणि दोरा घेऊन गेलात. तुम्ही दोऱ्याचं काय करणार? तुमची साधी गुंडीसुद्धा मीच लावतो!"

"मी म्हणत होते, सरळ विचारा," बायको म्हणाली. "पण नाही! मावशींना अवघड वाटेल म्हणे. खोकी बांधायला अवघड वाटलं नाही ते!"

मी पाकीट पुढे केलं. "हे माझ्या खिशातलं नाही. तुमचं आहे. वाचा."

मास्तरांनी कागद उजेडाकडे धरला, कापडाचा रंग बघतात तसा. दोनदा वाचला. मग खाली बसले.

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? जास्त नाही ना वाटत?"

"अहो, मला वाटलं…"

"गप्प बसा," बायको म्हणाली. "एवढंच एवढंच करत राहिलात तर आणखी वाढवतील!"

मला इतकं हसू आलं की खोक्यावरच टेकावं लागलं. मास्तरही हसले, आणि बळ आल्यावर लगेच व्यवहाराला लागले. "पण मावशी, पुढच्या खिडकीचं एक दार उघडत नाही. दुपारनंतर काळा कुठला आणि गडद निळा कुठला, कळत नाही. परवा एका साहेबांच्या निळ्या पॅंटला काळ्या दोऱ्याची शिवण गेली. ते काही बोलले नाहीत, पण मला झोप नाही."

"वाढलेल्या भाड्यातून पहिलं काम तेच."

"पायऱ्यांच्या आधी?"

"पायऱ्या मी सांभाळून उतरते. तुमचा दोरा चुकायला नको."

दोन्ही प्रतींवर सही झाली, तारीख पडली. वर येऊन लेकीला फोन केला.

"कळवलंस? काय म्हणाले? जातायत?"

"खोकी सोडतायत," मी म्हटलं. "आणि आता ठेवते, मला सुताराला गाठायचंय."