गौराच्या गॅलरीसमोरून जाणारी डबलडेकर

नालबंदाच्या दुकानात झिजलेले नाल साठतात. कुणी मुद्दाम ठेवत न्हाय, कुणी उचलून टाकतबी न्हाय. एक दिवस बघावं तर कोपऱ्यात ढीग! आमचे हैदराबादचे किस्से असेच साठलेत. चार माणसं ओट्यावर टेकली की कुणीतरी म्हणतंच, "दस्तगीरचाचा, ती बसची गोष्ट सांगा की." मी सांगतो, लोक हसतात. मीबी हसतो. मग सगळे उठून गेल्यावर दुकान झाडताना वाटतं, एवढं हसण्यासारखं होतं का त्यात?

मी शाळेत गेलो न्हाय. अक्षरं म्हातारपणी शिकलो, तीबी बैलाच्या चालीनं. म्हणून हळूहळू लिहितो. तुम्हीबी सावकाश वाचा.

आम्ही तिघं नळदुर्गचे. एक मी, बैलांना नाल मारणारा. दुसरा सोपानतात्या, शेतकरी. त्याचा आवाज असा, की किल्ल्यातून हाक मारली तर सडकेवरचा ट्रक थांबावा. तिसरे वीरभद्रप्पा. वयानं आमच्यापेक्षा मोठे, म्हणून आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. लिंगायत माणूस, पेठेत भुसार दुकान. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि रागावले की दोन्ही!

आप्पांची एकुलती लेक गौरा हैदराबादला दिलेली. जावई तिथं सरकारी कचेरीत कारकून. लग्न झालं तेव्हा ते शहर आपलंच होतं. निजाम गेला, विलीनीकरण झालं, तरी आपला जिल्हा हैदराबादचाच होता. मग राज्यांची वाटणी झाली. आम्ही इकडं आलो, शहर तिकडं गेलं. कारकुनांना विचारणा झाली, कुठं राहता? आप्पांनी निरोप धाडला, "इकडं या." जावई म्हणाला, "इथंच बरं हाय." तेव्हा आप्पांनी भर पेठेत गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली, "परमुलखात राहिलेल्या लेकीच्या घराची पायरी चढणार न्हाय!"

काही वर्षं अशीच गेली. मग एका उन्हाळ्यात आप्पा अचानक म्हणाले, "चला, हैदराबाद बघून येऊ. चारमिनार, म्युझियम... माणसानं शहर बघावं." आप्पांनी चारमिनार दहा वेळा बघितला होता! तरी आम्ही वळकट्या बांधल्या. निघताना गौराच्या आईनं, अक्कांनी, मला बाजूला घेतलं. "दस्तगीरभाऊ, तुमाला तिथली बोली येती. तेवढी बापलेकीची गाठ घाला." मी "व्हय" म्हणालो.

आप्पा आता न्हायीत. त्या शहरात आम्ही तिघं गेलो ते तेवढंच एकदा.

*

पहिल्या दिवशी स्टॉपवर उभे राहिलो, तर बसच्या कपाळावर तेलुगू पाटी.

तात्या म्हणाला, "आयला, आता कसं वाचायचं?"

मी म्हणालो, "तात्या, आधी उर्दू पाटी होती. ती तुला वाचता येत होती का?"

"न्हाय की!"

"मग?"

तात्यानं जरा विचार केला. म्हणाला, "तसं न्हाय दस्तगीर. ती न वाचता येणारी पाटी आपली होती!"

*

पाटी वाचता येत न्हाय, तर बस ओळखायची कशी? आमच्याकडं सोपं होतं. गाडी डायवरवरून ओळखायची. हा डायवर दिसला की गाडी तुळजापूरची, तो दिसला की सोलापूरची. नंबर कोण बघतंय!

तर पहिल्या दिवशी एका मोठ्या मिशीवाल्या डायवरनं आम्हाला चारमिनारला नेलं. तात्यानं खूण मनात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मिशी दिसली. तात्या ओरडला, "आली! आपली गाडी आली!" आम्ही चढलो, निवांत बसलो. बस चालली, चालली, तलाव आला, तलावही मागं पडला. उतरलो तर सिकंदराबाद!

तात्या तावातावानं डायवरकडं गेला. मी मधे पडून त्याची तक्रार तिकडच्या बोलीत सांगितली, की काल तुम्ही चारमिनारला गेलात, आज इकडं कसे?

डायवरनं मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "मियाँ, मूछाँ मेरे हैं, रस्ता सरकार का है!"

*

डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर जायला आप्पा तयार होईनात. तात्याला वाटलं, घाबरले.

"भ्यायचं काय त्यात, आप्पा? माडीच हाय ती."

आप्पा म्हणाले, "खाली माणसं बसल्यात. कोण म्हातारं असंल, कोण जंगम स्वामी असंल. त्यांच्या डोक्यावर चपला घालून बसू?"

शेवटी तोड निघाली. आप्पांनी चपला काढून काखेत धरल्या. ते मोठे, त्यांनी काढल्यावर आम्ही कशा घालाव्या? तिघंही अनवाणी जिना चढलो. मागून एक बुरख्यातली म्हातारी येत होती. आमच्या काखेतल्या चपला बघून ती पायरीवरच थबकली. हळूच मला विचारलं, "भाई, ऊपर कौन से बुजुर्ग हैं?"

मी म्हणालो, "ऊपर कोई नै, अम्माँ. नीचे बैठे सो लोगां बुजुर्ग हैं."

म्हातारीनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, आणि आपल्याही चपला काढून हातात घेतल्या!

*

तात्याचा पटका हरवला तो किस्सा सगळ्यांना आवडतो. गावाकडं गाडी आली की खिडकीतून रुमाल, पटका, न्हायतर टोपी आत टाकायची. टाकली की जागा आपली. मग माणसानं दारातून सावकाश चढावं. तात्यानं पहिल्याच दिवशी अफजलगंजला तेच केलं. बस आली, तात्यानं पटका सोडून खिडकीतून आत फेकला आणि मोठ्या ऐटीत दाराकडं चालू लागला. पण ती बस थांबायची नव्हतीच! नुसती हळू झाली होती. गेली!

तात्या उघड्या डोक्यानं रस्त्यात उभा. पटका चालला खिडकीतून एक टोक फडकवत.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरांच्या खोलीत चौकशी केली तर पटका घडी घालून ठेवलेला. तिथला माणूस म्हणाला, ही बस काल अमुक ठिकाणी गेली, तमुक ठिकाणी गेली, गोवळकोंड्यापर्यंत जाऊन आली. तात्यानं पटका डोक्याला गुंडाळला आणि आप्पांना म्हणाला, "बघा. शहर माझ्या पटक्यानं बघितलं. म्या अजून इथंच!"

*

एकदा बसमध्ये लई गर्दी. आम्ही दांडीला लोंबकळत उभे. एका शेरवानीवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कौन गाँव?"

"नळदुर्ग."

"अच्छा, बंबई वाले हो गए आप लोगां!" असं म्हणून तो उठला. शेजारच्यालाही उठवलं. "बैठो, बैठो. मेहमान हैं."

आप्पांना बसवलं, आम्हाला बसवलं. तो म्हातारा स्वतः उभा राहिला. आम्ही लाजलो, पण तो ऐकेना. त्याचा स्टॉप आला, सलाम करून उतरला. आप्पा खिडकीतून त्याच्याकडं बघत होते. मग म्हणाले, "दस्तगीर, आपले होतो तवा साऱ्या जन्मात उभ्यानं गेलो. परके झालो, तवा बसायला जागा मिळाली!"

तात्या मोठ्यानं हसला. मला हसू आलं न्हाय.

*

गौराचं घर काचीगुड्याकडं, एका चौकटी विकणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. पत्ता आप्पांना तोंडपाठ होता, पण तोंडातून काढत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाले, "त्या बाजूनं जाणारी बस असंल का एखादी? नुसती जाणारी. उतरायचं न्हाय."

तात्या म्हणाला, "उतरायचं न्हाय तर मग कशाला?"

"सुम्न कूडो!" म्हणजे कानडीत गप बैस.

मी विचारपूस केली. त्या रस्त्यानं डबलडेकर जात होती. वर बसलो. अरुंद रस्ता, दोन्हीकडं घरांच्या गॅलऱ्या, आणि आमची खिडकी बरोबर गॅलरीच्या उंचीला! चौकटीचं दुकान आलं. वर गॅलरीत एक बाई जुन्या लुगड्यावर कुरडया घालत होती. पाठ आमच्याकडं. आप्पा खिडकीला चिकटले. बस पुढं गेली. चार घरं गेल्यावर आप्पा म्हणाले, "कुरडयाला उशीर केला. ऊन तापल्यावर घालत्यात व्हय?"

मी म्हणालो, "आप्पा, उतरू या. पुढं शंभर पावलांवर स्टॉप हाय."

"पायरी चढणार न्हाय म्हणून शपथ हाय. बसमधनं बघितलं तर मोडत न्हाय." मग थोड्या वेळानं, "ही बस परत याच रस्त्यानं येती का?"

*

त्या दुपारी आम्ही चार फेऱ्या केल्या. शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, तिथं बसून राहायचं, परत यायचं. गौरा कधी दिसायची, कधी नुसतं लुगडं दिसायचं. दर वेळी आप्पा काहीतरी म्हणायचे. "गॅलरीचा कठडा बुटका हाय." "तिथं तुळस न्हाय ठेवली." "रंग उडालाय भिंतीचा."

कंडक्टर मात्र घाबरला. तीन माणसं, गावाकडचे पटके, कुठं उतरत न्हायीत, नुसती खिडकीबाहेर बघत्यात आणि आपसात कुजबुजत्यात. त्याला वाटलं, वेषांतर करून चेकिंगला आलेले साहेब! तिसऱ्या फेरीपासून त्यानं जी शिस्त धरली म्हणता! प्रत्येक स्टॉपचं नाव मोठ्यानं पुकारायचा, म्हाताऱ्यांना हात धरून चढवायचा. शेवटच्या स्टॉपला तर आमच्यासाठी तीन चहा घेऊन वर आला. हात जोडून म्हणाला, "साब, रिपोर्ट में मेरा नाम अच्छा लिखना."

तात्यानं चहा फुर्र करून ओढला आणि मला म्हणाला, "दस्तगीर, त्याला सांग, काळजी करू नको. आमच्यात लिहायला येतंय कुणाला!"

लोक इथं सगळ्यात जास्त हसतात. मला एक गोष्ट आठवत राहते. त्या वेळी तो कंडक्टर आमच्यासाठी बस कुठंही थांबवायला तयार होता. चौथ्या फेरीला गौराच्या गॅलरीसमोर मी नुसतं "रोको" म्हणायचं होतं. बोली मला येत होती, तात्याला न्हाय, आप्पांना मोडकीतोडकी. अक्कांना "व्हय" मी म्हणालो होतो. पण मी चहाचा कप हातात धरून बसलो. म्हटलं, उद्या हाय की.

*

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीची गाडी. सकाळी शेवटची फेरी. आप्पा खिडकीला, मी त्यांच्या शेजारी वाटेकडं, तात्या मागं. चौकटीचं दुकान आलं, आणि पुढं बांबूची गाडी आडवी झाली. बांबू रस्ताभर. बस उभी राहिली ती बरोबर गॅलरीसमोर.

गॅलरीत गौरा उभी होती. डोक्यावर पदर, हातात तांब्या. काल चार वेळा तेच तीन पटके खिडकीत गेले, तिला का कळणार न्हाय?

"आप्पा, पाणी घ्या," ती म्हणाली.

आप्पांचे ओठ हलले. "पायरी..."

"पायरी खाली राहिली, आप्पा. तुमी वर हायसा."

गॅलरीत आणि खिडकीत एका हाताचं अंतर. खाली गाडीवाल्याची आणि डायवरची जुंपली होती. घंटीची दोरी माझ्या डोक्यावर. वेळ होता, पुष्कळ होता. मी उठल्याशिवाय आप्पांना वाटेत येता येत नव्हतं. मी उठलो न्हाय. वाटलं, ते आपणहून म्हणतील, सरक जरा. मी वाट बघत राहिलो.

आप्पांनी दोन्ही हात बाहेर काढले. तांब्या घेतला. लोकांच्या घरी ते नेहमी वरून पाणी प्यायचे, तोंड न लावता. त्या दिवशी तांब्याला तोंड लावून प्याले. सगळा संपवला. पाणी अंगरख्यावर सांडलं, तरी थांबले न्हायीत.

"आई बरी हाय?" गौरानं विचारलं.

"हाय. तू?"

"हाय, आप्पा."

खाली बांबू बाजूला झाले. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली, बस हलली. गौरा गॅलरीच्या टोकापर्यंत हात पुढं करून पळाली. गॅलरी संपली. तांब्या आप्पांच्या हातातच राहिला.

तात्या पहिल्यांदाच बारीक आवाजात बोलला, "आप्पा, पुढच्या स्टॉपला उतरू. एवढं भांडं देऊन येऊ."

आप्पांनी तांब्यात डोकावून बघितलं. मग तो दोन्ही गुडघ्यांत नीट धरला.

"रिकामं भांडं लेकीच्या घरी देत्यात व्हय?" ते म्हणाले. "पुढच्या खेपेला भरून आणू."