कागदावर बरा झालेला खांदा

माझं विम्याचं कार्ड केंद्राच्या मॅडमच्या टेबलावर होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. पेनाच्या टोकाने माझ्याकडे सारलं. ते कडेवरून खाली पडलं.

"हे इथे चालत नाही. तुला मातीची पट्टी हवी ना? घरी लाव. तुमच्या अंगणात फुकट पडलेली आहे."

समोर हॉलमध्ये बायका झोपल्या होत्या. तोंडाला माती, डोळ्यांवर ओला कापूस. ती माती मीच लावली होती. मॅडमचं ऐकून त्या सगळ्या हसल्या. माती लावल्यावर हसायचं नसतं, ओठांच्या कडेला ती तडकते. रोज मीच त्यांना सांगायचे, "हसू नका मॅडम, तडकेल." त्या दिवशी सगळ्यांचीच तडकली.

"बघत काय उभी राहिलीस? परत लाव," मॅडम म्हणाल्या.

मी कार्ड उचललं, ओढणीला पुसलं आणि पर्समध्ये टाकलं. मग वाटी घेतली. मला हसताना तडकलेली माती एकेकीच्या तोंडावर मीच पुन्हा सारखी केली. डाव्या हाताने, कारण उजवा साथ देत नव्हता.

मी राजुऱ्याच्या पिंजाऱ्याची मुलगी. अब्बांनी जन्मभर कापूस पिंजला, लोकांच्या गाद्या भरल्या. पुढे फोमच्या गाद्या आल्या आणि त्यांच्या पिंजणावर धूळ बसली. नवरा माजरीकडे कोळशाच्या ट्रकवर. मी ऊर्जानगरच्या रस्त्यावरच्या एका निसर्गोपचार केंद्रात मालिशवाली. ड्रेसवर 'थेरपिस्ट' असं शिवलेलं होतं. हाक मात्र "ए" अशीच यायची.

तिथे मी काय करायचे? तेल लावायचे, पाठी रगडायचे, माती कालवायचे, एनिमाची भांडी धुवायचे. लोकांची दुखणी हातांनी काढता काढता माझ्याच खांद्यात दुखणं जाऊन बसलं. आधी रात्री ठणकायचं. मग केस विंचरता येईनात. मग एक दिवस वरच्या फळीवरची तेलाची बाटली काढायला हात उचलला आणि तो छातीशीच अडकला. खांदा जखडला होता. या बायांचे असे किती खांदे मी सोडवले होते! तेल, शेक, मातीची पट्टी, व्यायाम. काय करायचं ते माझ्या हातांना पाठ होतं, पण स्वतःच्या पाठीमागे स्वतःचा हात जात नाही. आणि हात नाही तर काम नाही.

पैसे भरून उपचार घ्यायचे तर एका बैठकीत माझी दोन दिवसांची मजुरी जायची. आणि बैठका काही एक-दोन नसतात. पण माझ्याकडे कार्ड होतं. केंद्राने आम्हा सगळ्यांचा विमा काढला होता, दर महिन्याच्या पगारातून त्याचे पैसे कापले जायचे. ऑफिसातला बाबू कार्ड देताना म्हणाला होता, "सांभाळून ठेव. सब कुछ चलता है." मी ते अब्बांच्या औषधांच्या डब्यात ठेवलं होतं. दुखलं तर कार्ड आहे, एवढाच माझा हिशोब. म्हणून त्या दिवशी मी ताठ मानेने टेबलासमोर गेले, भीक मागायला गेले नव्हते.

मॅडमना "चालत नाही" एवढंच म्हणता आलं असतं. मी ऐकून घेतलं असतं. का चालत नाही, काय चालतं, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. त्यांनी अंगण काढलं. ती माती तरी कुठली होती? आमच्या सुनंदाबाईच्या गावच्या बोडीतली, शेताकडच्या लहान तळ्यातली. सुनंदाबाई म्हणजे केंद्रात झाडूपोछा करणारी, मूलकडची, घरी धानाची थोडी शेती. तिच्या गावची माती पोत्यात भरून यायची, चाळणीतून जायची आणि डब्यात गेली की तिला भाव चढायचा. मग ती आमची राहायची नाही.

पुढच्याच आठवड्यात मॅडमनी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. आवाज एकदम गोड. केंद्राला विम्याच्या यादीत घ्यायचं की नाही हे बघायला माणसं येणार होती. यादीत नाव आलं की भरती होणाऱ्यांचं बिल विमा कंपनी देणार. पण त्यासाठी इथे पेशंट भरती होतात, पलंग चालू असतात, असं दिसायला हवं. आणि वरच्या मजल्यावरचे पलंग तर रिकामे. लोक दिवसा यायचे, माती लावून घरी जायचे.

"एका दिवसाचा प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच पेशंट व्हा."

आम्हाला पेशंटचे हिरवे झगे मिळाले. प्रत्येकीच्या नावाचा केसपेपर तयार झाला. प्रत्येकीला एक आजार दिला गेला. सुनंदाबाईला मधुमेह मिळाला.

ती माझ्या कानाशी लागली, "मले साखर देल्ली व मॅडमनं. चहात तं कधी देत नाई."

मी खूप हसले. मग माझा कागद समोर आला. माझ्या कागदावर माझाच आजार होता. उजवा खांदा जखडलेला. खाली लिहिलं होतं, उपचार सुरू, चांगली सुधारणा.

म्हणजे यांना माझा आजार माहीत होता! नीट लक्षात होता. नवा शोधायचे कष्ट नकोत म्हणून खराच वापरला. उपचार मागायला गेले तेव्हा मी अंगणातली बाई होते आणि पलंग भरायचा म्हटल्यावर लगेच पेशंट झाले. अंगाचा नुसता भडका उडाला.

मॅडमनी आमची तालीम घेतली. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "ते विचारतील तेव्हा हात वर करून दाखव. हळूहळू. पूर्ण नको, पण कानापर्यंत गेला पाहिजे. आणि थोडं हस." मी म्हटलं, "मॅडम, जात नाही." तर म्हणाल्या, "दुखेल थोडं, एक मिनिट सहन कर. मान्यता आली की तुझा खांदा मी स्वतः बघीन. एक पैसा घेणार नाही."

मी हो म्हणाले. का नाही म्हणणार? मला खांदा हवा होता. घरी गेले आणि भिंतीशी उभी राहून हात वर न्यायचा सराव केला. दात आवळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अब्बा खाटेवरून बघत होते.

"ये क्या करून राह्यली तू?"

मी सगळं सांगितलं. अब्बांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बेटा, आतमंदी जुना, सडका कापूस आन् वर नवी खोळ. असे गादीवाले लय पाह्यले मी. आपुन तसा धंदा नाई केला." एवढं बोलून त्यांनी कूस बदलली. जाऊ नको म्हणाले नाहीत. घरात माझ्या पगाराची गरज किती आहे हे त्यांना माहीत होतं.

तपासणीच्या दिवशी खिडक्यांवरची राख पुसली गेली. थर्मल वीजकेंद्राची राख आमच्याकडे रोज बसते, पण त्या दिवशी बसू दिली नाही. आम्ही हिरव्या झग्यांत, छातीपर्यंत चादर ओढून पडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पलंगावर पाठ टेकली होती. रोज मी त्याच्यावरच्या चादरी बदलायचे. गादी चांगली होती, खोटं का बोलू!

दोन माणसं आली. एक उंच साहेब आणि एक तरुण डॉक्टरीणबाई. मॅडम सोबत. सुनंदाबाईने डोळे मिटून घेतले. तिच्याशी बोलून ते माझ्याकडे आले. डॉक्टरीणबाईंनी केसपेपर वाचला आणि माझ्याकडे बघून हसल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या.

"खांदा ना? सुधारणा आहे म्हणतात. हात वर करा पाहू."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी भुवया किंचित उचलल्या. तालमीत उचलायच्या तशाच.

हात मी उचलू शकले असते. दात आवळून कानापर्यंत नेला असता. एक मिनिटाची गोष्ट. पण मला हॉलमधली ती तोंडं आठवली. ती माती, तो तडा, ते हसू. आणि वाटलं, आज हात वर केला तर हा खांदा यांच्या कागदावर बरा होईल. मग माझं दुखणं राहील कुठे? ते खोटं ठरेल. उद्या ठणकला तर मीच खोटी. दुखणं एवढं एकच माझ्याजवळ होतं जे माझं स्वतःचं होतं, तेही यांना फुकटात हवं होतं.

मी चादर बाजूला केली. उठून बसले.

"हात वर जात नाही," मी म्हणाले. "मी पेशंट नाही. मी इथली मालिशवाली आहे. उपचार मागितला तर मॅडमनी अंगणातली माती लावायला सांगितली."

साहेबांनी कागद खाली केला. मॅडम हसत म्हणाल्या, "हिची जरा मानसिक..." डॉक्टरीणबाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "बाकीच्या?"

मी म्हणाले, "बाकीच्यांचं बाकीच्या सांगतील. मी माझं सांगितलं."

सुनंदाबाईने डोळे उघडले नाहीत. दुसरी कोणीही उठली नाही.

त्याच दुपारी मला काढलं. बाबूने ड्रेस मागितला, झगा मागितला, कार्डही मागितलं. ड्रेस दिला. झगा दिला. कार्ड दिलं नाही. म्हटलं, "याचे पैसे माझ्या पगारातून कापले आहेत."

बस थांब्यावर सुनंदाबाई आली. मला वाटलं, पाठीवर हात ठेवेल. ती म्हणाली, "काऊन बोलली व तू? आता माह्यं काम जाईन ना. तुले नवरा हाये, बाप हाये. मले कोण हाये?" तिचा राग खरा होता. ती दुसऱ्या बसने गेली. पुढे तिचं काम टिकलं, असं कळलं. केंद्राला मान्यताही मिळाली म्हणे, पुढच्या तपासणीत. तेव्हा त्या पलंगांवर कोण झोपलं होतं, मला माहीत नाही. कळलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

ते कार्ड घेऊन मी चंद्रपूरला विम्याच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या पोराने नाक मुरडलं. मी हलले नाही. म्हटलं, "वाचून दाखव. मराठीत." रांग मागे कुरकुरत होती. त्याने वाचलं. मान्यता असलेल्या दवाखान्यात रात्रभर भरती असाल तर मिळेल. दिवसा जाऊन माती, मालिश, शेक घेतला तर नाही, तो खर्च आपल्या खिशातून. बस, एवढंच होतं. हे एवढं कार्ड देताना कुणाच्या तोंडून निघालं नाही. कापताना विचारत नाहीत आणि मागायला गेलो की नियम वाचतात!

मग सरकारी दवाखान्यात रांग लावून व्यायाम शिकले. हात खांद्याच्या थोडा वर जातो. कानापर्यंत जात नाही. घरी गोधड्या शिवते, डाव्या हाताने कापते.

मोहल्ल्यातल्या बाया आता कार्ड घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांच्याबरोबर काउंटरवर जाते. मोठ्याने विचारते, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. यात काय बसतं? काय नाही बसत? खिशातून किती जाणार? आधी सांगा, लिहून द्या, मग हात लावा. "बाई, हळू बोला," म्हणतात. मी हळू बोलत नाही.

परवा एकाचा फोन आला. दुसरं केंद्र, दुसरी तपासणी. एक दिवस पलंगावर पडायचे चांगले पैसे देतो म्हणाला. तुमचा खांदा खरंच धरलेला आहे असं कळलं, तेच बरं, म्हणाला.

मी म्हटलं, "भाऊ, उपचार करणार असाल तर उद्या येते. पडायला येणार नाही. हा खांदा दुखतोय, तोवर दुखतो असंच लिहावं लागेल. आणि दुखायचा थांबला तर ते मी सांगीन, तुम्ही नाही."

त्याने फोन ठेवला. मी भिंतीशी उभी राहिले आणि रोजचा व्यायाम सुरू केला. "थोडं हस" म्हणणारं आता कोणी नव्हतं, म्हणून मी हसले नाही. हात फक्त माझ्यासाठी वर जात होता.