अंधार: उत्कृष्ट

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमासाठी जागा निवडायला आमच्या मंडळाचे आम्ही चौघे कोकणातल्या कातळाच्या सड्यावरच्या एका वाडीत गेलो, तेही भर दुपारी. अंधार दुपारी तपासणं आमच्या कार्यपद्धतीला धरूनच होतं. गळ्यात ओळखपत्रं होती आणि कार्यवाहांच्या हातात जागेच्या तपासणीचा, मंडळाचा शिक्का मारलेला छापील तक्ता.

चहाच्या टपरीवरच्या मावशींना त्यांनी विचारलं, "इथं रात्री अंधार कसा असतो?"

"काय सांगू साहेब! डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही."

कार्यवाहांचा चेहरा उजळला.

"खांब उभा करून दोन वर्षं झाली, वर दिवा नाही. गेल्या पावसाळ्यात सुनेचा पाय विषारी फुरशावर पडायचाच राहिला."

"म्हणजे आसपास कुठेच उजेड नाही?"

"कुठला उजेड!"

कार्यवाहांनी आनंदाने तक्त्यातल्या 'अंधार' या रकान्यात 'उत्कृष्ट' असं लिहिलं.

"मग दिवा कधी बसवताय?" मावशींनी विचारलं.

त्या आम्हाला विजेची माणसं समजल्या होत्या. ज्याच्या घरी बटण दाबलं की उजेड पडतो, त्यालाच अंधाराची हौस परवडते. इतकी वर्षं दुर्बिणीला डोळा लावूनही मला हे दिसलं नव्हतं.

"दिवा यायच्या आत कार्यक्रम उरकू," कार्यवाह माझ्या कानाशी पुटपुटले.

मी त्यांच्या हातातला तक्ता घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मावशींचा दिव्यासाठीचा अर्ज लिहून दिला. वेगळा पुरावा जोडायची गरज नव्हती. पुढच्या बाजूला आमच्या मंडळाचा शिक्क्यानिशी शेरा होताच.