दुसरा रविवार

"विमान घ्याले एवढा पैसा नाई लागत, भाऊ. ठेवाले लागते!" असं म्हणून ते चहाचा ग्लास खाली ठेवायचे आणि वर बघायचे. वर कॅन्टीनचा पत्रा असायचा.

स्टील प्लांटमध्ये ते क्रेन चालवायचे, मी टाइम ऑफिसात क्लार्क. क्वार्टर दोघांची सेक्टर दहात, एकाच ओळीत. एकच वेड घेऊन जगणारा असा कुणी तुमच्याही ओळखीत असेल. यांचं वेड म्हणजे जुनं, चार सीटचं विमान.

एकट्याला परवडत नाही, चौघांना परवडतं, हे त्यांनी हिशेब करून पक्कं केलं होतं. हँगरचं भाडं, विमा, पेट्रोल, पायलट, सगळ्याचे चार वाटे. महिन्यातला एकेक रविवार एकेकाचा. "अन् पाचवा रविवार आला तं?" आम्ही चिडवायचो. "तवा विमानाले सुट्टी," ते गंभीरपणे सांगायचे.

एक डॉक्टर आणि हुडको कॉलनीतला एक दुकानदार तयार झाले. चौथा मिळेना. एकदा कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत त्यांनी मलाच विचारलं, "तुमी येता काय, भाऊ?" मंडळी हसायला टपलेलीच होती. मी छाती फुगवून म्हणालो, "येतो ना! दुसरा रविवार माझा!" काय हशा पिकला! ते मात्र हसले नाहीत. त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं.

मला ते दिसलं होतं. तेव्हाच सांगायचं ना, अहो, गंमत केली! पण नाही सांगितलं. रोज चहाला मजा येत होती, दुसरं काय.

दोन महिन्यांनी ते पेढे घेऊन घरी आले. रिटायर झाल्यावर घर बांधायला ठेवलेला बोरसीचा प्लॉट विकून विमानाचा बयाणा दिला होता. "आता फक्त तुमची सही पायजे."

"घरी विचारतो," मी म्हणालो. बायको समोरच उभी होती.

"विचारा, विचारा," म्हणाले आणि डबा ठेवून गेले.

माझी सही झालीच नाही, आणि तिघांत विमान परवडेना. बयाणा बुडाला, बोरसीचे भाव वाढत गेले. रिटायर होताच क्वार्टर सोडावं लागलं आणि ते वर्ध्याला लेकीकडे निघाले. मी दुर्ग स्टेशनवर पोचवायला गेलो. माफी मागायची होती, मी त्यांच्या सामानाचे नग मोजत राहिलो.

गाडी हलली तसे ते खिडकीतून म्हणाले, "कावून तोंड पाडून राहिले, भाऊ? तवा एक इंजिनियर मागं लागला होता, मले घ्या म्हणून. मी म्हटलं, नाई बा. दुसरा रविवार आमच्या भाऊचा हाये."

सकाळच्या गाडीने दुपारी वर्ध्याला पोचता येतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी चपला घालतो, आणि काढून ठेवतो.